बक्कल नसलेली बॅग

आमच्या खमरियाच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एकही बंद पिशवी नव्हती. बाबांचा डबा जाळीच्या पिशवीतून जायचा, माझी वह्यापुस्तकं तोंड उघड्या कापडी पिशवीतून, आणि आई हळदीकुंकवाला निघाली की ओटीचं सामानसुद्धा ताटात, वर रुमाल न टाकता न्यायची. पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं, पण वसाहतीतल्या कितीतरी घरांत असंच होतं. कारखान्याच्या गेटवर रोज संध्याकाळी प्रत्येकाची झडती व्हायची. हात वर, खिसे उलटे, डबा उघडा. ज्याची पिशवी आरपार दिसते तो रांगेतून लवकर सुटतो, हे बाबांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलं होतं. वीस-बावीस वर्षं रोज झडती दिलेल्या माणसाला पुढे झाकलेली वस्तूच खपेनाशी होते. घरात कुणाच्या पिशवीचं तोंड बांधलेलं दिसलं की ते म्हणायचे, "काय लपवून राहिली?" आणि स्वतःच हसायचे. पण पिशवी उघडेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

दुसरी एक खोड होती, तिचाही या गोष्टीशी संबंध आहे. बाबा दारूगोळा भरायच्या विभागात होते. तिथे अंगावर लोखंड चालायचं नाही. बुटाला खिळा नको, खिशात किल्ली नको, कमरेच्या पट्ट्याला बक्कल नको. एक ठिणगी उडाली की संपलं, असं ते इतक्या साध्या आवाजात सांगायचे की आम्हा मुलांना ते पाऊस पडला तर कपडे भिजतील अशापैकी वाटायचं. मात्र घरी आल्यावरही त्यांची भीती उतरायची नाही. त्यांच्या सगळ्या पँटी नाडीच्या. लग्नाकार्यालासुद्धा नाडीच्याच. आई म्हणायची, "बाप्पा, इथं तं चुलीत निखारे आहेत, तुमच्या बकलानं काय होणार?" बाबा उत्तर द्यायचे नाहीत. सवयीला उत्तर नसतं, आणि आमच्या घरात पुरुषांच्या सवयीला प्रश्नही नसायचा.

सकाळी भोंगा व्हायच्या आत आईची पोळीची थप्पी तयार असायची. भोंगा झाला की आख्खी गल्ली सायकलींच्या घंट्यांनी भरून जायची, आणि दहा मिनिटांनी इतकं शांत व्हायचं की शेजारच्या पंडिताइनच्या घरातली रेडिओवरची भजनं आमच्या मोरीपर्यंत ऐकू यायची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आई नागपूरकडची, तिच्या हातची पातोडीची भाजी पंडिताइन वाटी धाडून मागवायची आणि त्या वाटीतून शिंगाड्याच्या पिठाचा शिरा परत पाठवायची. आई रागावली की हिंदीत बोलायची, म्हणजे तो राग जरा बाहेरचा, लोकांना ऐकवायचा असायचा. खरी चिडली की मात्र काहीच बोलायची नाही, शिवायला बसायची. आमच्याकडे उशांच्या खोळी फार होत्या, यावरून काय ते समजावं.

तर कॅमेरा. निवृत्त होऊन गावी चाललेल्या एका साहेबांनी सामान विकायला काढलं, त्यात बाबांना तो मिळाला. दोन डोळ्यांचा, एकावर एक भिंगं असलेला जुना कॅमेरा. गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि वरून खाली वाकून काचेत बघायचं. वसाहतीत फोटो काढायची परवानगी नव्हती, त्यामुळे तो आठवडाभर तांदळाच्या डब्यावरच्या फळीवर असायचा, अर्थातच उघडा. रविवारी बाबा गावात जायचे, मराठी घरांतली मुंज, बारसं, साखरपुडा असं काहीबाही टिपायला. हळूहळू त्यांचं नाव झालं. लोक लग्नाची तारीख काढताना 'फोटोवाले काका' मोकळे आहेत का, ते विचारू लागले. बाबांचा आठवड्यातला तेवढाच एक दिवस असा असायचा की त्यांना हात वर करा म्हणणारं कुणी नसायचं. उलट तेच लोकांना हात खाली घ्या, मान वर करा, असं सांगायचे.

माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा भाऊ दिलीप आणि मी, दोघंही त्यांच्याबरोबर जायचो. त्या कॅमेऱ्याच्या काचेत सगळं उलटं दिसतं, म्हणजे उजवीकडचा माणूस डावीकडे. नवरी डावीकडे निसटली तर आपण उजवीकडे वळायचं. दिलीपला हे आयुष्यात जमलं नाही. तो नवरीच्या मागे धावायचा आणि चित्रात खांब यायचा. मला पहिल्याच दिवशी जमलं. त्यात हुशारी वगैरे नव्हती. आरशात बघून वेणीचा भांग पाडणाऱ्या मुलीला हे रोजचंच असतं. बाबा मला अंगणात उभं करून, रोल न घालता, सराव घ्यायचे. आई पापड लाटत असायची, पंडिताइनची गाय कुंपणाशी असायची, आणि बाबा माझ्या कोपराला हात लावून बघायचे. एकदा म्हणाले, "कुंदा, तुझा हात हलत नाही." आमच्या घरात कौतुक करायची पद्धत नव्हती. ते वाक्य मी किती वर्षं पुरवून खाल्लं, सांगायची लाज वाटते.

अडचण होती ती सामान न्यायची. कॅमेरा, फ्लॅश, त्याची विटेएवढी जड बॅटरी, तिपाई, रोलचे डबे, मागे टांगायची पांढरी चादर. कॅमेरा जाळीच्या पिशवीत सायकलच्या हँडलला, तिपाई दांडीला, बॅटरी माझ्या मांडीवर, अशी आमची वरात निघायची. रांझीच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला बाबा डोळे मिटायचे. मग घरात बॅग निवडण्याचं महाभारत सुरू झालं. पत्र्याची ट्रंक? ती लोखंडाची. लाकडी पेटी? ती लोखंडाची नाही, पण चौघं लागतील उचलायला, असं आई म्हणाली, आणि चौघं म्हटल्यावर बाबांनी तो विषय सोडला. बाजारातली कातडी बॅग? तिला कुलूप आणि बकलं, शिवाय आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. दिलीपचा एक मित्र रिछाईत वेल्डिंगच्या कारखान्यात होता. त्याने सायकलमागे जोडायची दोनचाकी गाडी करून आणली. बाबांनी ती बघून विचारलं, "आपण फोटो काढायला जाऊन राहिलो का कांदे विकायला?" तरी दिलीपच्या हट्टाखातर एक रविवार ती नेली. वसाहतीच्या वळणापर्यंतच फ्लॅशची काच फुटली, आणि कधी नव्हे ते रस्त्यावरचे लोक आम्हाला भाव विचारू लागले. ती गाडी पुढे पंडिताइनने चारा आणायला नेली.

आता माझ्या भाचीचं पोरगं लग्नाचे फोटो काढतं, त्याच्याकडे चाकांची बॅग आहे. आत स्पंजचे कप्पे, ज्या त्या भिंगाच्या आकाराचे. परवा तो मला मोबाईलवर नव्या बॅगा दाखवत होता, नानी ही घेऊ का ती घेऊ. मी म्हटलं, उचलणार कोण आहे ते आधी ठरव. त्याला वाटलं मी वजनाबद्दल बोलते आहे.

ती दोनचाकी गाडी गेली त्यानंतरच्या एका हिवाळ्यात बाबांचा कप बशीवर वाजू लागला. आधी आम्हाला वाटलं थंडी. मग उन्हाळा आला तरी वाजतच राहिला. कंपवात, डॉक्टर म्हणाले. कारखान्यात त्यांना भरायच्या विभागातून काढून कागदपत्रांकडे बसवलं, आणि त्यांनी ते मुकाट्याने घेतलं. रविवारचं मात्र घेता येईना. एका मुंजीचे बाराच्या बारा फोटो हललेले निघाले. बटूचं तोंड धुक्यातून आल्यासारखं. बाबांनी ते फोटो दारात बसून एकेक करून बघितले आणि आईला म्हणाले, "आता हे पोरांनी पाहावं." पोरांनी, असं म्हणाले. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते आणि त्या शब्दात मी आहे हे मला इतकं स्वच्छ दिसलं की मी हात न धुताच बाहेर आले. दिलीपला हात न हलवता पाणीसुद्धा ओतता येत नव्हतं. तो दोनदा मॅट्रिक नापास झाला होता, आणि सगळा दिवस रिछाईत मित्राच्या कारखान्यात उभा असायचा. कॅमेरा कुणाकडे जाणार, हा प्रश्न माझ्या लेखी नव्हताच.

पुढच्याच आठवड्यात बाबा मला सदरच्या बाजारात घेऊन गेले. मला एकटीला. तिथे फौजी किट-बॅगा शिवणारे एक म्हातारे उस्ताद होते. जाड हिरवं कॅनव्हास, आतून जुन्या फौजी ब्लँकेटचं अस्तर, असं ठरलं. झाकण असं की उघडलं की पूर्ण मागे पडावं आणि आतलं सगळं एका नजरेत दिसावं. ही गेटची सवय. झाकणाला बक्कल नाही, लाकडी गुंड्या. उस्ताद म्हणाले, "झाकण का तो समझा, पर पट्टे में बकल नहीं डालोगे तो छोटा-बड़ा कैसे करोगे, बाबूजी?"

"नहीं करना है छोटा-बड़ा," बाबा म्हणाले. "नाप पक्का सी दो."

"किसका नाप?"

बाबांनी मला पुढे केलं. "इसका."

उस्तादांनी माझ्या डाव्या खांद्यावरून उजव्या कुल्ल्यापर्यंत फीत धरली. "सीधी खड़ी रहो बेटी. नाप गलत हुआ तो उमरभर पीठ दुखेगी." मी सरळ उभी राहिले. इतकी सरळ मी लग्नातसुद्धा उभी राहिले नाही. खडूने त्यांनी पट्ट्यावर खूण केली आणि त्या खुणेवर माझं नाव लिहिलेलं असावं तशी मी तिच्याकडे बघत होते. त्या रात्री मी आईला म्हणाले, बाबांनी माझ्या मापाची बॅग शिवायला टाकली. आई म्हणाली, "हो का?" आणि शिवणाचा डबा ओढून बसली. मी तेव्हाच समजायला हवं होतं.

बॅग आली त्याच्या दुसऱ्या रविवारी शहपुऱ्याला लग्न होतं. सकाळी आंघोळ करून मी माझी बरी साडी नेसले. बाबांनी बॅगेत सगळं रचून दिलं, बॅटरी तळाशी, रोल डावीकडे, चादर वर. मग बॅग उचलून माझ्या खांद्यावर चढवली. पट्टा अचूक बसला. कुठे ओढत नव्हता, कुठे लोंबत नव्हता. मग ते फळीकडे गेले, कॅमेरा उचलला, फुंकर मारली, आणि तो दिलीपच्या गळ्यात घातला.

मी म्हटलं, "बाबा, ते तं मला..."

"दोघं जा," बाबा म्हणाले. "फोटो काढणाऱ्याच्या खांद्यावर वजन नको. हात हलतो."

"पण त्याचा हात तसाही हलते."

दिलीप खाली बघत होता. हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते, तो खाली बघत होता. बाबांचा हात कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर होता आणि थरथरत होता. मग म्हणाले, "त्याच्या हाताला काही तरी पाहिजे ना. तुझ्या हाताला लागेलच काही ना काही. आणि मंडपात शंभर पुरुषांसमोर मुलगी कॅमेरा घेऊन उभी राहिली तं लोक काय म्हणतील? तू मागे राहून त्याला सांगत जा. तुला कळते सगळं."

तुला कळते सगळं. म्हणून तर बॅग माझ्या मापाची होती. दिलीपच्या खांद्याचं माप कुणी घेतलंच नव्हतं, कारण त्याच्या खांद्यावर ती कधी जायचीच नव्हती. आई आतून आली. मला वाटलं ती काही बोलेल. तिच्या हातात जुन्या निळ्या साडीची, बारीक पांढऱ्या फुलांची एक छोटी गादी होती, आत कापूस भरलेली. तिने मला उभं ठेवूनच ती पट्ट्याखाली, खांद्यावर यायच्या जागी, चार टाके घालून बसवली. दात लावून दोरा तोडला. "आता रुतणार नाही," म्हणाली. तिच्या परीने तो विरोध असेल. पण मला तेव्हा बाबांपेक्षा तिचा राग जास्त आला, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. माझ्यावर ओझं चढताना तिने ते मऊ करून दिलं.

शहपुऱ्याच्या बसमध्ये बॅग माझ्या मांडीवर होती. लग्न एका शेतकरी-व्यापारी मराठी घरातलं, मुहूर्त दुपारचा. मंडपात मी दिलीपच्या मागे उभी राहून उजेड किती ते सांगत होते, कॅमेऱ्यावरचे आकडे मी लावत होते, आणि नवरी हलली की कानात "उलट, उलट" म्हणत होते. तो गुमान ऐकत होता. नवरीला मामा घेऊन आले, अंतरपाट धरला गेला, भटजींनी घसा साफ केला, आणि दिलीप वळून म्हणाला, "कुंदा, एकच राहिला. रोल बदल. लवकर." रोल त्याला कधीच नीट भरता आला नाही, आणि तो सावलीत भरावा लागतो. मी कॅमेरा घेऊन घरातून मागच्या अंगणात पळाले. पुढे पहिलं मंगलाष्टक सुरू झालं होतं.

मागच्या अंगणात नवरीची आई होती. आमच्यात मुलीच्या आईने मुलीचं लग्न लागताना बघायचं नसतं, तिने तुळशीपाशी जाऊन बसायचं. ती एकटी बसली होती. तुळशीवर पाणी घालायला उचललेला तांब्या तसाच हातात वाकडा धरलेला, आणि पाणी पडत नव्हतं, कारण घालायचं ती विसरली होती. मंडपातून सूर यायचा आणि तिचे ओठ त्याच्याबरोबर हलायचे. 'शुभमंगल सावधान' आलं की थांबायचे, पुन्हा हलायचे. मला तिने पाहिलं, पण तिच्या लेखी मी सामान वाहणारी एक मुलगी होते. ती तशीच राहिली. माझ्या खांद्यावर ती जड बॅग होती. ती उतरवायलाही वेळ नव्हता. मी वाकून काचेत पाहिलं, श्वास धरला, आणि रोलमधला उरलेला बारावा फोटो घेतला. मग रोल बदलला आणि अंतरपाट दूर व्हायच्या आत मंडपात पोचले.

घरी आल्यावर बाबा दारात उभे होते. "दाखव," म्हणाले. ती पद्धत त्या दिवसापासून सुरू झाली. मी झाकण मागे टाकायची, ते एकेक वस्तू नजरेने मोजायचे, आणि मगच मी आत जायची. गेटवर त्यांची झडती व्हायची आणि घरी माझी.

रोल सदरच्या स्टुडिओत धुवायला दिले होते. ते आणायला बाबा मला घेऊन गेले, दिलीपला कुठे तरी जायचं होतं. स्टुडिओचे मालक, सक्सेना जी, फार मोठे कलावंत असल्यासारखे वागायचे, पण त्या दिवशी ते स्वतः उठून पुढे आले. त्यांच्या हातात तुळशीपाशी बसलेली बाई होती. तांब्याच्या काठावर अडकलेलं पाणीसुद्धा दिसत होतं.

"भाई साहब, ये किसने लिया है? इसको मैं शोकेस में लगाऊंगा. बड़ा करके."

बाबांनी फोटो हातात घेतला. त्यांच्या हातात तो फडफडत होता म्हणून त्यांनी काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हात त्याच्या बाजूला टेकले. दिलीपचे फोटो डावीकडे कलतात हे त्यांना माहीत होतं. हा सरळ होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट, पूर्ण बघितलं, असं नाही की चुकून. माझ्या खांद्यावर बॅग होती. मग ते सक्सेना जींना म्हणाले, "लड़के ने."

"कमाल है. लड़के को यहां भेजिए मेरे पास."

मी बोलले नाही. एवढी साधी गोष्ट आहे, तीन शब्द लागले असते, मैंने लिया है. पण बापाला परक्या माणसासमोर खोटं पाडायचं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. परतताना बाबांनी सायकल थांबवून मला खोव्याची जलेबी घेऊन दिली. काळीभोर, पाकाने जड. इतर वेळी ती चौघांत एकेक यायची. त्या दिवशी द्रोणभर माझ्या एकटीसाठी. बाबा म्हणाले, "खा." मी खाल्ली. सगळी खाल्ली, द्रोणाला लागलेला पाकसुद्धा. आयुष्यात मी पुष्कळ अपमान गिळले, त्यांचं मला फारसं काही वाटत नाही. ती जलेबी मात्र मी का खाल्ली, याचा राग अजून गेलेला नाही.

दिलीप सक्सेना जींकडे लागला. माझं लग्न होईपर्यंत सात वर्षं मी रविवारी त्याच्या मागे बॅग वाहिली आणि कानात "उलट, उलट" म्हटलं, मग नव्या प्रकारचे कॅमेरे आले, त्यात सरळ दिसायचं, आणि माझी गरज संपली. दिलीप वाईट नव्हता. पुढे त्याचा स्वतःचा स्टुडिओ झाला. माझ्या मुलांच्या वाढदिवसांचे फोटो त्याने एक पैसा न घेता काढले, आणि सगळे डावीकडे कललेले. मी शाळेत गणित शिकवलं. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी ते पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, तसंच माप घ्या. बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, "शहपुऱ्याचा तुळशीचा फोटो आठवतो?" ते खिडकीकडे बघत बसले. कप बशीवर वाजत होता. म्हणाले, "दिलीपचं नशीब त्या फोटोनं उघडलं." मला वाटलं होतं, निदान मरताना तरी माणूस झडती देईल.

गेल्या महिन्यात दिलीपचा सत्कार झाला. पंचाहत्तरी आणि पन्नास वर्षांची छायाचित्रकला. गावातले सगळे मराठी लोक, जुने आणि बँकांत-कॉलेजांत नवे आलेले. स्टेजच्या मागे तुळशीपाशी बसलेली बाई दहा फूट उंच करून लावली होती, खाली दिलीपचं नाव. ज्या माणसाने त्या लग्नात अंतरपाटासमोर उभं राहून फोटो काढले, तो त्याच घटकेला मागच्या अंगणात कसा पोचला, हा प्रश्न त्या सभागृहात कुणालाही पडला नाही. तिथे एकूण एक बाईला ठाऊक होतं की मुलीची आई तुळशीपाशी कधी बसते. एका टेबलावर बॅग मांडली होती. माझी बॅग. कॅनव्हास राखाडी पडलेलं, लाकडी गुंड्या शाबूत, आणि पट्ट्याखाली निळ्या साडीची गादी, पांढरी फुलं अजून ओळखू येणारी. पुढे चिठ्ठी होती, की याच बॅगेसह त्यांनी गावोगाव भ्रमंती केली.

कार्यक्रम संपल्यावर दिलीपची मुलगी, माझी भाची मेघना, उत्साहाने पुढे आली. तिला मराठी कळतं, बोलते हिंदीच. "पापा, एक फोटो बैग के साथ. कंधे पर लो ना, पहले जैसे."

दिलीपने माझ्याकडे बघितलं. मी समोरच उभी होते. मग त्याने पट्टा डोक्यातून घालायला घेतला. तो खांद्यावर आला आणि तिथेच थांबला. बॅग त्याच्या काखेत जाऊन अडकली, हात बाजूला फाकलेला, लहान भावंडाचा सदरा घातलेल्या पोरासारखा तो दिसत होता. लोक हसले.

"अरे, इतना छोटा? लंबा करो ना," मेघना पट्टा चाचपत म्हणाली. "इसमें तो बकल ही नहीं है."

"म्हातारपणी फुगलो गं," दिलीप म्हणाला. लोक पुन्हा हसले. मी नाही. तोही नाही, खरं म्हणजे.

"चलो, ऐसे ही," मेघना म्हणाली, आणि सगळ्यांना रांगेत उभं करू लागली. तिला स्वतःलाही फोटोत यायचं होतं. तिने इकडेतिकडे बघितलं, आपली भलीमोठी पर्स माझ्या डाव्या खांद्याला अडकवली आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "आत्या, आप ले लो ज़रा. बस यहां दबाना है."

मी मोबाईल धरला. दिलीप माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे ओठ किंचित हलले, मला वाटतं तो माझं नाव घेत होता. मी त्याला म्हटलं, "हलू नको." मी एक पाऊल मागे गेले, म्हणजे सगळं आत यावं. मागे तुळशीची बाई, खाली त्याचं नाव, पुढे तो, त्याच्या काखेत अडकलेला माझ्या मापाचा पट्टा आणि आईची निळी गादी. श्वास धरला आणि घेतला.

तो फोटो मेघनाने सगळ्यांना पाठवला. फार छान आला आहे, असं सगळे म्हणतात. मी तो मोठा करून बघितला. खांद्यावर तिची पर्स होती, तरी हललेला नाही.